लय, स्वरपट्टी आणि भाव : ग्लेन गूल्ड यांच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’च्या दोन ध्वनिमुद्रणांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील पियानोचे एखादे ध्वनिमुद्रण आज संगणकावर शोधले असता त्यासोबत पुष्कळदा तीन नोंदी आढळतात. पहिली लयीची, म्हणजे मिनिटाला किती ठोके. दुसरी स्वरपट्टीची, म्हणजे अमुक मेजर अथवा तमुक मायनर. आणि तिसरी भावाची, म्हणजे ‘शांत’, ‘उदास’, ‘प्रसन्न’ असा एखादा शब्द. या तीन रकान्यांची मांडणीच अशी असते की, पहिल्या दोन नोंदींवरून तिसरी आपोआप निष्पन्न होते असा समज व्हावा. संगीत-रसग्रहणाच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या प्रकल्पांतही ‘लय संथ, पट्टी मायनर, म्हणून भाव करुण’ हे समीकरण वारंवार वाचावयास मिळते. आपण अध्यापकही त्यास गुण देतो, कारण ते वरवर पाहता चुकीचे नसते.

हे समीकरण कितपत टिकते याची तपासणी करावयाची तर एकच रचना, एकच वादक, एकच वाद्यप्रकार आणि तरीही भिन्न परिणाम, असे उदाहरण हवे. सुदैवाने ते उपलब्ध आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड (१९३२-१९८२) यांनी योहान सेबास्टियन बाख यांची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ ही रचना स्टुडिओत दोनदा ध्वनिमुद्रित केली : प्रथम जून १९५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आणि पुन्हा १९८१ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. दोन्ही ध्वनिमुद्रणे न्यूयॉर्कमधील कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरील स्टुडिओतच झाली. प्रस्तुत लेखात या दोन ध्वनिमुद्रणांच्या आधारे लय, स्वरपट्टी आणि भाव यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

रचनेचे स्वरूप :

ही रचना १७४१ च्या सुमारास न्यूरेंबर्ग येथे बाल्थासार श्मिड यांनी प्रसिद्ध केली. ती पियानोसाठी नव्हे, तर दोन पट्ट्यांच्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली आहे. आरंभी ‘आरिया’ नामक एक संथ चीज, नंतर तिची तीस रूपे आणि शेवटी पुन्हा तीच आरिया, अशी तिची बांधणी आहे. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी लागते. बदलत जाते ती आरियाची वरची सुरावट नव्हे. खर्जातील स्वरांची एक ओळ आणि तिच्यावर उभी असलेली स्वरसंगती एवढेच कायम राहते आणि तेवढ्याच आधारावर प्रत्येक रूप नव्याने रचले जाते. आरियात ३२ बार आहेत आणि प्रत्येक बारमध्ये ३ मात्रा, म्हणजे एकूण ९६ मात्रा. रचनेचे दोन समान भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजवावा अशी खूण मूळ प्रतीत आहे.

निद्रानाश जडलेल्या काउंट कायझरलिंक यांना रात्री रिझविण्यासाठी बाख यांनी ही रचना केली आणि गोल्डबर्ग नावाचा तरुण वादक ती वाजवीत असे, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती फोर्केल यांच्या १८०२ सालच्या बाखचरित्रातून आली. मुद्रित प्रतीवर अर्पणपत्रिका नाही आणि गोल्डबर्गचे वय त्यावेळी जेमतेम चौदा वर्षांचे होते. त्यामुळे अभ्यासक तिच्याकडे साशंकतेने पाहतात. मात्र या आख्यायिकेने रचनेला ‘निद्रेचे संगीत’ हा भाव चिकटविला, तो एकही स्वर ऐकण्यापूर्वीच. भावाच्या रकान्यातील नोंद पुष्कळदा अशीही भरली जाते!

स्वरपट्टी : एका षड्जावरचे दोन संसार

आरिया आणि तीसपैकी सत्तावीस रूपे जी मेजरमध्ये आहेत; केवळ पंधरावे, एकविसावे आणि पंचविसावे ही तीन रूपे जी मायनरमध्ये आहेत. आपल्याकडील पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन्हींचा षड्ज पांढरी पाच. मेजरमध्ये त्या षड्जावर बिलावल थाटाचे सर्व शुद्ध स्वर लागतात; मायनरमध्ये गंधार व धैवत कोमल होतात आणि निषाद प्रसंगानुसार कधी कोमल, कधी शुद्ध राहतो. षड्ज बदलत नाही, हे महत्त्वाचे. घर तेच, उजेड तेवढा बदलतो.

तथापि ही तुलना फार ताणू नये. आपल्याकडे ‘पट्टी’ म्हणजे गायकाच्या गळ्याला सोयीची उंची. काळी एकचा यमन आणि पांढरी चारचा यमन हा यमनच. पाश्चात्त्य ‘की’मध्ये उंची आणि स्वरसप्तक या दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्या असतात. शिवाय तेथील रचना एका षड्जावर स्थिर राहत नाही. ती प्रवास करते. आरियाचा पहिला भाग संपतो तेव्हा आपण मूळ षड्जाच्या पंचमावर, म्हणजे डी मेजरमध्ये पोहोचलेले असतो. दुसऱ्या भागात ई मायनरला स्पर्श करून पुन्हा स्वगृही परततो. म्हणजेच ‘जी मेजर’ अशी नोंद असलेल्या आरियातही मायनरची सावली आहेच. एका शब्दाच्या नोंदीत ती दिसत नाही.

विशिष्ट पट्टीला विशिष्ट भाव असतो काय, हा प्रश्न युरोपातही जुना आहे. योहान मॅथेसन यांनी १७१३ साली जी मायनरला जवळजवळ सर्वांत सुंदर पट्टी मानले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात शूबार्ट यांनी लिहिलेल्या आणि १८०६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मात्र त्याच जी मायनरला असंतोष आणि अस्वस्थता हे भाव जोडलेले आढळतात. एकाच पट्टीविषयी दोन जाणकारांची ही मते परस्परांशी जुळत नाहीत. दुसरी अडचण अशी की, बाखकालीन स्वरांची उंची आजच्यापेक्षा सामान्यतः खाली होती आणि गावोगावी ती निराळी होती. आज जुन्या पद्धतीने स्वर लावलेल्या हार्पसिकॉर्डवर हीच रचना वाजविली जाते, तेव्हा ती आधुनिक पियानोपेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने खाली ऐकू येते. म्हणजे आजच्या मोजणीने जी मेजरची एफ शार्प मेजर होते, पण आरियाचा प्रसन्नपणा कोठेही उणा होत नाही. जुन्या काळी स्वरांतील अंतरे सर्वत्र सारखी नसत, त्यामुळे पट्टीपट्टीचा रंग काहीसा निराळा लागत असे, हे मान्य करावयास हवे. परंतु आधुनिक पियानोत, आपल्या पेटीप्रमाणेच, सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. तेथे पट्टीच्या नावातच भाव दडलेला आहे असे म्हणण्यास फारसा आधार उरत नाही. उरतो तो मेजर-मायनर हा भेद.

या भेदाचा परिणाम मात्र खरा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ केट हेवनर यांनी १९३५ साली एकाच रचनेची मेजर आणि मायनर अशी दोन रूपे श्रोत्यांना ऐकवून हा परिणाम नोंदविला. १९३७ साली त्यांनी लय आणि स्वरांची उंची यांवर प्रयोग केले, तेव्हा लयीचा परिणाम विशेष प्रबळ दिसून आला. डाला बेला, पेरेत्झ व सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात पाच वर्षांची मुले संगीतातील आनंद-दुःख केवळ लयीवरून ओळखीत असल्याचे दिसले. मेजर-मायनरचा उपयोग सहा ते आठ वर्षांची मुले करू लागली होती. यावरून लयीची जाण आधी येते आणि मायनरचे दुःख बऱ्याच अंशी कानाच्या संस्कारातून येते, असे अनुमान करता येईल. आपल्या दृष्टीने लक्षणीय असा आणखी एक अभ्यास बाल्कविल आणि थॉम्पसन यांचा (१९९९). हिंदुस्थानी रागसंगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनी रागांतील आनंद, शोक आणि क्रोध हे भाव बऱ्यापैकी ओळखले. शांत भाव मात्र त्यांना ओळखता आला नाही.

लय : कालावधी म्हणजे लय नव्हे

आता दोन ध्वनिमुद्रणांकडे वळू. १९५५ चे ध्वनिमुद्रण सुमारे ३८ मिनिटांचे, १९८१ चे सुमारे ५१ मिनिटांचे. या दोन आकड्यांवरून ‘तरुणपणी द्रुत, उत्तरायुष्यात विलंबित’ असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो अर्धाच खरा आहे.

१९५५ मध्ये गूल्ड यांनी एकाही भागाची पुनरावृत्ती केली नाही. १९८१ मध्ये मात्र नऊ कॅनन आणि त्यांच्याच जातीची आणखी काही रूपे यांत पहिला भाग त्यांनी दोनदा वाजविला. पंधराव्या रूपाचे उदाहरण घेऊ. पूर्वी ते सुमारे सव्वादोन मिनिटांत संपत असे. नंतरच्या मुद्रणात त्यास सुमारे पाच मिनिटे लागतात. वरकरणी वेग निम्म्याहून खाली आला. परंतु पूर्वी ३२ बार वाजले होते आणि आता पुनरावृत्तीमुळे ४८ वाजले. बारमागे लागलेला वेळ काढला तर तो सुमारे दीडपट झालेला दिसतो, सव्वादोन पट नव्हे. पाचवे रूप तर दोन्ही मुद्रणांत चाळीस सेकंदांच्या आतच संपते. तेथे पंचविशीच्या आतला आणि पन्नाशीकडे झुकलेला गूल्ड यांत वेगाचा भेद जाणवत नाही.

ज्या रूपांत पुनरावृत्ती नाही त्यांची तुलना अधिक विश्वसनीय ठरते. आरिया १९५५ मध्ये १ मिनिट ५३ सेकंदांत, तर १९८१ मध्ये सुमारे ३ मिनिटे ५ सेकंदांत वाजते. ९६ मात्रांना या वेळेने भागले असता पूर्वीची लय मिनिटाला सुमारे ५१ मात्रा आणि नंतरची सुमारे ३१ मात्रा येते. हा फरक प्रचंड आहे. पहिल्या मुद्रणातील आरिया ही नृत्याच्या अंगाने जाणारी, काहीशी अलिप्त; दुसरीत प्रत्येक स्वर जणू विचारून पुढे टाकलेला. स्वर तेच, पट्टी तीच. येथे भाव बदलण्याचे श्रेय प्रामुख्याने लयीलाच द्यावे लागेल.

पंचविसावे रूप :

मग ‘संथ आणि मायनर म्हणजे करुण’ हे समीकरण सिद्ध झाले काय? येथेच पंचविसावे रूप आडवे येते. हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोव्स्का यांनी त्यास ‘कृष्णमौक्तिक’ म्हटले होते. संपूर्ण रचनेतील सर्वांत शोकात्म असे हे रूप जी मायनरमध्ये आहे आणि दोन्ही मुद्रणांत ते पुनरावृत्तीविना वाजते. गूल्ड यांची एकूण चाल मंदावली असल्यामुळे १९८१ मध्ये हे रूप आणखी विलंबित झाले असेल अशीच कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात उलट घडले आहे. १९५५ मध्ये त्यास सुमारे साडेसहा मिनिटे लागली होती; १९८१ मध्ये ते सुमारे सहा मिनिटांतच पूर्ण होते. मिनिटाला सुमारे १५ मात्रांवरून १६ मात्रा. फरक थोडा, पण दिशा विरुद्ध.

आणि तरीही, प्रस्तुत लेखकाच्या मते, १९८१ चे पंचविसावे रूप अधिक गंभीर आहे. लय किंचित वाढली आणि गांभीर्यही वाढले, हे कसे?

याचे एक उत्तर लयीच्या वागणुकीत आहे. पहिल्या मुद्रणात गूल्ड या रूपात लय सैल सोडतात; एखाद्या स्वरावर रेंगाळतात, पुढचा ओढून घेतात. निधनापूर्वी काही आठवडे टिम पेज यांना दिलेल्या मुलाखतीत त्यांनी स्वतःच या वादनाविषयी नापसंती व्यक्त केली होती. ते शोपँ यांच्या नॉक्टर्नसारखे वाटते, असा त्यांचा आक्षेप होता. शोकाचे प्रदर्शन त्यांना नकोसे झाले होते. दुसऱ्या मुद्रणात लय बांधलेली आहे. दुःख आहे, पण ते चालता चालता सांगितलेले. एकाच सरासरी लयीत दोन निरनिराळे भाव संभवतात ते यामुळे. सरासरी काढली की हा भेद नेमका पुसला जातो.

दुसरे उत्तर अधिक मूलगामी आहे. याच मुलाखतीत गूल्ड यांनी असे स्पष्ट केले की, रचनेतील सर्व रूपे एका मूळ स्पंदाच्या पटीत वा विभागात बांधलेली असावीत, असा विचार त्यांनी दुसऱ्या मुद्रणात केला. आपण कालावधींचीच तुलना करून पाहू. १९५५ मध्ये आरिया ११३ सेकंदांची आणि पंचविसावे रूप सुमारे ३८८ सेकंदांचे. प्रमाण जवळजवळ साडेतीन पट. त्यातून कोणतेही साधे नाते निघत नाही. १९८१ मध्ये आरिया सुमारे १८५ आणि पंचविसावे रूप सुमारे ३६३ सेकंदांचे. दोन्हींत मात्रा ९६ च. प्रमाण जवळजवळ एकास दोन! आपल्या परिभाषेत पंचविसावे रूप ठाय मानले तर आरिया ही त्याची दुगुन. ध्वनिमुद्रणाच्या कालावधीत शेवटचा ठहराव आणि नंतरची शांतताही मोजली जाते, म्हणून हे आकडे स्थूल मानावेत. परंतु कानाला जे जाणवते त्यास ते दुजोरा देतात. पहिल्या मुद्रणात पंचविसावे रूप वाहत्या प्रवाहातून बाजूला काढून ठेवल्यासारखे वाटते. दुसऱ्यात ते आरियाच्याच पोटातून आलेले वाटते. दुःख उपरे राहत नाही.

म्हणजे लय हा केवळ आकडा नसून तो एक संबंध आहे. मागे काय वाजले आणि पुढे काय वाजणार, यांच्याशी तिचे नाते असते. ख्यालाचा विलंबित ऐकलेल्या श्रोत्याला हे वेगळे सांगावयास नको. द्रुत बंदिशीचा द्रुतपणा आधीच्या विलंबितावरच ठरतो.

या रूपाच्या संदर्भात आणखी एक नोंद रंजक ठरावी. बाख यांच्या मूळ मुद्रित प्रतीत बहुतेक रूपांवर लयीचा निर्देश नाही. मेल्त्सेल यांनी मेट्रोनोमचे पेटंट घेतले ते १८१५ साली, म्हणजे बाख यांच्या मृत्यूनंतर ६५ वर्षांनी. त्यामुळे मात्रांचे आकडे मूळ प्रतीत असण्याचा प्रश्नच नाही. बाख यांची स्वतःची, हस्ताक्षरात दुरुस्त्या केलेली प्रत १९७४ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे उजेडात आली. तीत पंचविसाव्या रूपावर ‘अदाजिओ’, म्हणजे संथ, असा शब्द लिहिलेला आढळला. हा शब्द जगाला ठाऊक नसताना गूल्ड यांनी ते अधिक संथ वाजविले होते आणि ठाऊक झाल्यानंतरच्या मुद्रणात किंचित जलद!

शोक मायनरमुळे की खर्जामुळे?

पंचविसाव्या रूपातील शोकाचे श्रेय मायनरला देण्यापूर्वी त्याचा खर्ज ऐकावा. आरंभीच डाव्या हातात षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत आणि पंचम असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरणारा जिना आहे. युरोपीय संगीतात अशी उतरती खर्जरेषा विलापाची खूण मानली जात असे. हेन्री पर्सेल यांच्या ‘डायडो अँड इनियस’ या संगीतिकेत मरणोन्मुख डायडोचा विलाप अशाच खर्जावर, आणि योगायोगाने जी मायनरमध्येच, रचलेला आहे. तत्कालीन श्रोत्याला ही भाषा ओळखीची होती. एकविसाव्या रूपातही असा जिना आहे, पंधराव्यात त्याचे महत्त्व कमी. पंधरावे रूप हा उलट्या अनुकरणाचा कॅनन असून त्याच्या अखेरीस दोन्ही हात परस्परांपासून दूर जातात आणि उजव्या हाताचा एकच उंच पंचम हवेत राहतो. तेथे करुणेपेक्षा प्रश्नार्थकता अधिक आहे. म्हणजे मायनर तीन, पण भाव एक नव्हे.

‘ध्वनिमुद्रणा’विषयी थोडेसे :

आपण ज्याला गूल्ड यांचे वादन म्हणतो ते एका बैठकीतील वादन नव्हे. १९६४ मध्ये त्यांनी जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओ हेच आपले कार्यक्षेत्र मानले. १९५५ च्या आरियासाठीच त्यांनी वीस वेळा वाजवून पाहिले आणि एकविसावी आवृत्ती स्वीकारली, असे ते सांगत. त्या वीस प्रयत्नांत आरियावरील नको असलेला भाव पुसून टाकावयाचा होता. भाव आणण्यासाठी नव्हे, भाव घालविण्यासाठी केलेला हा रियाज आहे. वाद्येही निराळी : पहिल्यात स्टाइनवे, दुसऱ्यात यामाहा. दोन्हींत गूल्ड यांचे गुणगुणणे ऐकू येते, ते कोणत्याच रकान्यात बसत नाही. संगणकीय मोजणीच्याही मर्यादा आहेत. अतिविलंबित रचनेत ठोका कोणता आणि त्याचा उपविभाग कोणता हे यंत्राला ओळखणे कठीण जाते, त्यामुळे लय दुप्पट वा निम्मी दाखविली जाते. जी मेजर आणि ई मायनर यांचे स्वर समान असल्याने त्यांतही गल्लत होते. विद्यार्थ्यांनी असे आकडे प्रकल्पात घेतले तर हरकत नसावी. पण मात्रा स्वतः मोजून त्यांची पडताळणी करावी, एवढा आग्रह धरण्यास हरकत नाही. ९६ मात्रा मोजण्यास घड्याळ पुरते.

वर्गात प्रत्यक्ष ऐकविण्यासाठी प्रस्तुत लेखक एक जोडी सुचवू इच्छितो : आरंभीची आरिया आणि अखेरची आरिया. बाख यांनी शेवटी केवळ ‘आरिया पुन्हा’ अशी सूचना दिली आहे. स्वर, पट्टी, मात्रा यांत कोणताही बदल अपेक्षित नाही. गूल्ड १९५५ मध्ये आरंभीची आरिया दोन मिनिटांच्या आत संपवितात आणि अखेरची दोन मिनिटांच्या किंचित पुढे नेतात. १९८१ मध्ये आरंभीच्या तीन मिनिटांच्या जागी अखेरीस सुमारे पावणेचार मिनिटे लागतात. या मुद्रणाची ध्वनिमुद्रिका सप्टेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ४ ऑक्टोबर १९८२ रोजी गूल्ड यांचे निधन झाले. पुढे अनेकांनी त्या शेवटच्या आरियात निरोप ऐकला. ती वाजविताना, १९८१ मध्ये, असा निरोप वादकाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. विद्यार्थ्यांना ही तारीख आधी न सांगता दोन्ही आरिया ऐकवाव्यात, त्यांना काय वाटले ते लिहून घ्यावे आणि तारीख त्यानंतर सांगावी.